एस. एफ. सॉरो आणि 'पहिला कोण'चं भांडण

पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमवर प्रोड्युसर म्हणून नॉर्मन स्मिथ असं नाव आहे. हा माणूस त्याआधी ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सचा साउंड इंजिनियर होता, सुरुवातीपासून ते थेट 1965 च्या 'रबर सोल'पर्यंत. आपल्याकडे रॉक ऐकणारे बहुतेक जण हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून फ्लॉइडपर्यंत पोचतात आणि मग तिथेच मुक्काम ठोकतात, माझाही मुक्काम बरीच वर्षं तिथेच होता, पण मला अल्बमच्या मागची बारीक अक्षरातली नावं वाचायची खोड आहे आणि त्या खोडीमुळे कळलं की फ्लॉइडचा दुसरा अल्बम चालू असताना ह्याच नॉर्मनने ह्याच बिल्डिंगमध्ये आणखी एका बँडला घेऊन एक अल्बम केला होता. बँड द प्रीटी थिंग्ज. अल्बम 'एस. एफ. सॉरो'. डिसेंबर 1968 मध्ये आला आणि इंग्लंडच्या चार्टवर कुठेच दिसला नाही.

ह्या अल्बमबद्दल कुठेही काही वाचायला घ्या, पहिल्या दोन वाक्यांत 'जगातला पहिला रॉक ऑपेरा' (म्हणजे अख्ख्या अल्बमभर गाण्यांतून एकच गोष्ट सांगायची) हे शब्द येणारच. तिसऱ्या वाक्यात द हू ह्या बँडचा तसाच अल्बम 'टॉमी' येतो, आणि मग चोरलं की नाही चोरलं, आधी कोण नंतर कोण ह्यावर हाणामारी सुरू होते. पहिल्यांदा मलाही मजा आली. आता वैताग येतो. कारण ह्या सगळ्या वादात तो अल्बम कोर्टात ठेवलेल्या मुद्देमालासारखा होऊन बसलाय, सगळे त्याच्यावरचं लेबल वाचतात आणि आतली वस्तू कुणी उघडून बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा अल्बम पहिला असो नाहीतर दहावा असो, त्याने काडीचा फरक पडत नाही, आणि त्या पहिलेपणाच्या नादात ह्या बँडची खरी गोष्ट मागे पडली.

ती गोष्ट सुरू होते लंडनच्या दक्षिणेला, केंटच्या बाजूला, डार्टफर्ड आणि सिडकप ह्या गावांत. डिक टेलर नावाचा पोरगा डार्टफर्डच्या शाळेत मिक जॅगरबरोबर होता. पुढे सिडकपच्या आर्ट कॉलेजात गेला तर तिथे त्याला कीथ रिचर्ड्स भेटला. तिघं मिळून अमेरिकन ब्लूजची गाणी वाजवायला लागले, आणि 12 जुलै 1962 ला लंडनच्या मार्की क्लबमध्ये रोलिंग स्टोन्स ह्या नावाने जो पहिला कार्यक्रम झाला त्यात बास गिटारवर हा डिक टेलर होता. काही महिन्यांनी तो बाहेर पडला. भांडण वगैरे काही नाही, त्याला आर्टचं शिक्षण पुढे करायचं होतं, आणि शिवाय त्याला बास नाही, लीड गिटार वाजवायची होती. त्याच्या जागी बिल वायमन आला आणि पुढचं सगळ्यांना माहितीय.

ह्या एका गोष्टीवरून डिकला आयुष्यभर छळलंय लोकांनी. प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न, पश्चात्ताप होतो का. मला हा प्रश्नच आवडत नाही. ज्याने 1963 मध्ये सिडकपच्या त्याच कॉलेजातल्या फिल मे नावाच्या पोराला गाठून दुसरा बँड उभा केला, आणि तो बँड मध्ये गॅप पडत का होईना 2018 पर्यंत चालवला, त्याला तुम्ही विचारता की बाबा तू दुसऱ्याच गाडीत का नाही बसलास? असो.

बँडचं नाव घेतलं बो डिडली ह्या अमेरिकन गायकाच्या 1955 च्या एका गाण्यावरून. आणि दिसायला पोरं मुळीच प्रीटी नव्हती, हीच तर गंमत. फिल मेचे केस तेव्हा अख्ख्या इंग्लंडमध्ये सगळ्यात लांब असल्याचं बोललं जायचं, आणि 1964 च्या इंग्लंडमध्ये पुरुषाचे केस खांद्यापर्यंत असणं म्हणजे रस्त्यात मार खायची तयारी असणं. स्टोन्सना घाबरणाऱ्या आईबापांना ह्यांच्यापुढे स्टोन्स सभ्य वाटायचे. आवाजही तसाच, कच्चा, धसमुसळा, गिटार थोडी बेसूर असली तर असली. पहिलं सिंगल 'रोझलिन' 41 नंबरला अडकलं, पण त्याच वर्षी दुसरं 'डोन्ट ब्रिंग मी डाउन' थेट 10 नंबरला गेलं, 1965 मध्ये 'हनी आय नीड' 13 ला, आणि पहिला अल्बम तर चार्टवर 6 नंबरला. म्हणजे 'दुर्लक्षित बँड' म्हणून आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते सुरुवातीला चांगले गाजलेले होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण दुर्लक्षित म्हटलं की लोकांना कुणीतरी गॅरेजमध्ये एक रेकॉर्ड करून गायब झालेली बिचारी पोरं वाटतात. इथे तसं नाही. इथे पोरं टीव्हीवर होती, पेपरात होती, आणि तिथून उतरत गेली.

पेपरात येण्याचं बरंचसं श्रेय ड्रमर व्हिव्ह प्रिन्सला. हा माणूस ड्रम वाजवताना ड्रमवर थांबायचाच नाही, स्टँड, जमीन, भिंत, दुसऱ्याची गिटार, जे समोर येईल त्यावर काठ्या चालवायचा. 1965 च्या ऑगस्टमध्ये बँड न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला, बरोबर सँडी शॉ आणि ईडन केन, म्हणजे सहकुटुंब सहपरिवार बघायचा कार्यक्रम. त्यात आमचा व्हिव्ह दारू पिऊन, हातात मेलेला क्रेफिश (मोठा झिंगाच) घेऊन फिरतोय, स्टेजमागे आग लावतोय, असा सगळा तमाशा. तिथल्या पेपरांनी पहिल्या पानावर घेतलं, विषय पार्लमेंटपर्यंत गेला, आणि परतताना व्हिव्हला विमानातून उतरवलं ते वेगळंच. वर्ष संपायच्या आत तो बँडमधून बाहेर होता. (त्याच्या त्या राक्षसी पद्धतीवर द हूचा ड्रमर कीथ मून फिदा होता, आणि मून आजारी असताना व्हिव्हने काही दिवस द हूसाठी ड्रम वाजवलेत. 'टॉमी'वाल्यांशी ह्यांचं नातं असं जुनं आहे.)

ह्या सगळ्यात एक मोठी चूक झाली. 1964 नंतर इंग्लंडमधला जो तो बँड बोटीत नाहीतर विमानात बसून अमेरिकेला पळत होता, कारण खरे पैसे तिथे होते, आणि प्रीटी थिंग्ज साठच्या दशकात अमेरिकेला गेलेच नाहीत. न्यूझीलंड केलं, युरोप केला, अमेरिका राहिली. दुसऱ्या फळीतले, ह्यांच्यापेक्षा मिळमिळीत बँड तिकडे जाऊन मोठे झाले. नशीब वगैरे शब्द मला ह्या बाबतीत वापरवत नाही, हा सरळ सरळ धंद्याचा चुकलेला निर्णय होता.

1966 मध्ये शेवटचं सिंगल चार्टवर आलं, तेही 50 व्या नंबरवर, म्हणजे दाराच्या फटीतून आत डोकावल्यासारखं. मग फोंटाना ह्या रेकॉर्ड कंपनीसाठी करारातला शेवटचा अल्बम राहिला होता, 'इमोशन्स', त्यात कंपनीने पोरांच्या गाण्यांवर वरून ब्रास आणि व्हायोलिनं चढवली. पोरांना ते मुळीच पटलं नव्हतं. पण ऐका तो अल्बम एकदा, ट्रम्पेटच्या खाली काय चाललंय ते ऐका, कारण तिथे बँड बदलतोय. वॉली वॉलर आणि जॉन पोव्ही हे दोघं नवीन आलेत, दोघंही गळ्याचे पक्के, आणि अचानक तीन तीन आवाजांच्या हार्मनी ऐकू यायला लागतात. ज्या बँडला कालपर्यंत ओरडता येत होतं त्याला आता गाता यायला लागलं.

आणि मग 1967 चं शरद. ईएमआयबरोबर नवा करार, ॲबी रोड, नॉर्मन स्मिथ. पहिलं सिंगल नोव्हेंबरमध्ये, 'डिफेक्टिंग ग्रे'. हे गाणं मी कुणाला ऐकवतो तेव्हा त्या माणसाचा चेहरा बघत बसतो. सुरुवातीला उलटी फिरवलेली सतार, मग एकदम झोके घेणारी, जत्रेतल्या पाळण्याच्या चालीची एक ओळ, आणि आपण त्यात रमतोय तोवर काहीही न सांगता गिटार अंगावर येते, मग पुन्हा पाळणा, पुन्हा गिटार. साडेचार मिनिटांत चार गाणी. हे सिंगल म्हणून काढलं होतं! रेडिओवर वाजावं, पोरांनी दुकानात जाऊन मागावं ह्या अपेक्षेने! अर्थातच विकलं गेलं नाही. फिल मेने नंतर सांगितलंय की हे गाणं एका सरळमार्गी, राखाडी सूटवाल्या माणसाबद्दल आहे, जो बागेतल्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या पुरुषाकडे ओढला जातो. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहणार नाहीत असा कायदा झाला तोच मुळी 1967 च्या जुलैमध्ये. चार महिन्यांत हे गाणं. त्या काळच्या बाकीच्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या स्वप्नासारख्या गाण्यांत बौने, परीकथा, आजीचं कपाट, चहाचे कप असलं फार असायचं, आणि इथे एक ऑफिसातून घरी जाणारा माणूस आहे ज्याचं आयुष्य बाकावर बसल्या बसल्या कलंडतंय.

'एस. एफ. सॉरो'चं काम ह्याच सुमाराला सुरू झालं आणि 1968 च्या सप्टेंबरपर्यंत रखडत चाललं. रखडत अशासाठी की पैसे नव्हते. ईएमआयने दिले सुमारे 3,000 पौंड, त्यात सगळं बसवायचं. मग दिवसा स्टुडिओ, रात्री कुठेतरी कार्यक्रम, परत स्टुडिओ. मध्येच ड्रमर स्किप ॲलन एका फ्रेंच मुलीच्या प्रेमात पडून लग्न करायला निघून गेला. अर्धा अल्बम झालेला, ड्रमर गायब. त्याच्या जागी ट्विंक आला, हा टुमॉरो नावाच्या बँडमधला, आणि उरलेलं काम त्याच्याबरोबर पुरं केलं.

आणि पैसे कमी पडले की काय करायचं ह्याचाही एक मजेशीर उपाय त्यांच्याकडे होता. लंडनमध्ये डी वुल्फ नावाची कंपनी होती, ती सिनेमा-टीव्हीवाल्यांना तयार संगीत विकायची. स्वस्तातल्या पिक्चरमध्ये डिस्कोचा सीन आहे, मागे काहीतरी रॉकसारखं वाजायला पाहिजे, तर डी वुल्फकडे जायचं आणि मीटरवर कापड घ्यावं तसं संगीत घ्यायचं. प्रीटी थिंग्जने ह्या कंपनीसाठी 'इलेक्ट्रिक बनाना' असं नाव लावून गाणी केली, 1967 पासून पुढे कितीतरी वर्षं. रेकॉर्डच्या एका बाजूला गाणी, दुसऱ्या बाजूला तीच गाणी नुसत्या वाद्यांवर, म्हणजे पिक्चरमध्ये संवाद असले तर अडचण नको. भयपट, चावट सिनेमे, कशातही ही गाणी सापडतात. पुढे 1978 च्या 'डॉन ऑफ द डेड' ह्या झोंबींच्या अमेरिकन सिनेमात सुद्धा ह्यांचं गाणं आहे, बघणाऱ्या लाखो लोकांना पत्ता नाही की हे कोण गातंय. ज्या बँडचं नाव कुणाला माहीत नव्हतं त्यांचा आवाज असा फुकटात सगळीकडे पोचला होता. आणि खरं सांगू, ती 'बनाना'ची गाणी भंकस नाहीत, काही काही तर अस्सल भारी आहेत. पोटापाण्याचं काम म्हणून उरकलेलं नाही वाटत.

तर सॉरो. गोष्ट फिल मेने लिहिलेल्या एका कथेवरून. सेबॅस्टियन एफ. सॉरो नावाचा मुलगा एका छोट्या गावात जन्मतो. गावात एक कारखाना, त्याचं नाव मिझरी, बाप तिथेच कामाला, मुलगाही तिथेच लागतो. समोरच्या घरातली मुलगी रोज गुड मॉर्निंग म्हणते, प्रेम जमतं. मग युद्ध, खंदक, तोफा. युद्धातून जिवंत सुटलेला सॉरो अमेरिकेसारख्या एका देशात स्थायिक होतो, होणाऱ्या बायकोला बोलावून घेतो, ती फुग्यासारख्या हवाई जहाजाने येते, आणि ते जहाज त्याच्या डोळ्यांदेखत पेटतं. इथे अल्बमची पहिली बाजू संपत येते आणि माणूसही संपत येतो. पुढे बॅरन सॅटरडे नावाचा काळ्या झग्यातला एक माणूस त्याला त्याच्याच आतल्या अंधारात घेऊन जातो, आरसे दिसतात, विहीर दिसते, आणि शेवटी एक म्हातारा उरतो ज्याचा कुणावर विश्वास नाही.

तेरा गाण्यांचं हे आख्यान आहे, पण एक अडचण आहे आणि ती मोकळेपणाने बोललेली बरी. नुसती गाणी ऐकून ही गोष्ट कळत नाही. गाण्यांच्या मधला धागा अल्बमच्या कव्हरवर गद्यात छापलेला आहे, तो वाचला तर संगती लागते. त्यामुळे 'पहिला रॉक ऑपेरा' म्हणून जे ऐकायला बसतात त्यांची निराशाच होते, कुठे आहे ऑपेरा, कोण कुणाशी बोलतंय? मी पण कव्हरवरचा मजकूर न वाचता खूपदा ऐकलाय आणि मला तसाच जास्त आवडला, एका माणसाचं आयुष्य हळूहळू थंड पडत चाललंय एवढंच कळतं आणि तेवढं पुरतं.

'प्रायव्हेट सॉरो' हे युद्धाचं गाणं घ्या. अशा गाण्यात आपल्याला काय अपेक्षित असतं, तोफांचे आवाज, आरडाओरडा. इथे ड्रमवर परेडचा ठेका आहे, हलका, जवळजवळ खेळकर, त्यावर बासरीसारखा स्वर, आणि फिल मे अगदी शांत, लहान मुलाला गोष्ट सांगावी तसा गातोय. चाल इतकी गोड आहे की पाय ठेका धरतो. आणि शेवटाकडे मागून एक सरकारी आवाज यायला लागतो, मेलेल्यांची नावं वाचतोय, एकापाठोपाठ एक, कुठलाही भाव नाही. ठेका तसाच चालू. गाणं आवाज कमी होत होत संपतं पण नावं संपलेली नसतात. युद्धाबद्दल त्या दोन-तीन वर्षांत किती गाणी झाली असतील, पोस्टर घेऊन ओरडणारी, आणि त्या सगळ्यांपेक्षा ही यादी जास्त अंगावर येते.

त्याच्या लगेच मागून 'बलून बर्निंग', जहाज जळतानाचं. गिटारचा एकच तुकडा, गोल गोल, हट्टाने, डिक टेलर तो सोडतच नाही, आणि वरच्या हार्मनी मात्र थंड. जळणाऱ्या गोष्टीकडे बघताना माणूस जसा सुन्न होतो तसं काहीतरी. आणि मग 'डेथ'. इथे सतार आहे. इंग्रज पोरांच्या हातातली सतार म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते, तो काळच तसा होता, भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तशी प्रत्येक बँड सतार भुरभुरत होता. पण पोव्हीची सतार इथे राग वगैरे आळवायच्या भानगडीत पडत नाही. बास एक एक पाऊल टाकतोय, सतार त्याच्या मागे मागे, आणि जागा सोडलेली आहे भरपूर. घरात कुणी गेल्यावर दुपारी जी शांतता असते ती ह्यांना स्टुडिओत पकडता आली, आणि पकडणारी पोरं विशीतली.

दुसरी बाजू मला तितकी सलग वाटत नाही. 'बॅरन सॅटरडे'च्या मध्ये हाताला लागेल ते बडवलेलं आहे आणि ते झकास आहे, पण 'वेल ऑफ डेस्टिनी' म्हणजे नॉर्मन आणि मंडळींनी टेपशी केलेला खेळ आहे, तेव्हा करणाऱ्यांना मजा आली असेल, ऐकणाऱ्याला तेवढी येत नाही. 'ओल्ड मॅन गोइंग' पुन्हा गचांडी धरून उभं करतं, अकूस्टिक गिटार इतक्या त्वेषाने वाजवलेली आहे की पुढे हेवी मेटलवाले जे करणार होते त्याची चाहूल लागते. आणि शेवटचं गाणं, 'लोनलिएस्ट पर्सन', जेमतेम दीड मिनिटाचं. गिटार आणि आवाज. जगातला सगळ्यात एकटा माणूस कोण असेल, तर तो मी, असं काहीसं सांगून अल्बम संपतो. समारोप नाही, कोरस नाही, प्रकाश दिसला वगैरे काही नाही.

डिसेंबर 1968 मध्ये ही गोष्ट दुकानात आली. 22 नोव्हेंबरला बीटल्सचा डबल, पांढऱ्या कव्हरचा अल्बम आलेला, त्याच दिवशी किंक्सचा 'व्हिलेज ग्रीन', 6 डिसेंबरला स्टोन्सचा 'बेगर्स बँक्वेट'. नाताळाच्या तोंडावर पोरांच्या खिशात पैसे एका रेकॉर्डपुरते, फार तर दोन. आणि कंपनीने जाहिरातीवर फारसा खर्च केला नाही. कव्हरचं चित्र फिल मेनेच काढलं होतं, आर्ट कॉलेजचं शिक्षण शेवटी कामी आलं ते असं. स्टेजवर हे सगळं वाजवणं शक्य नव्हतं म्हणून त्यांनी लंडनमध्ये टेप लावून त्यावर मूकनाट्य केलं, ट्विंकला त्याचा भारी शौक, तो सॉरो झाला. कल्पना करा, रॉक कॉन्सर्ट म्हणून आलात आणि समोर टेप चालू आहे आणि बँड हातवारे करतोय.

अमेरिकेत तर आणखीच गंमत. तिथे अल्बम निघाला मोटाउनच्या रेअर अर्थ ह्या नव्या रॉक लेबलवर. मोटाउन, डेट्रॉइटची, सोल म्युझिकची कंपनी, तिला ह्या उदास इंग्रज प्रकाराचं काय करायचं ते कळणं अवघडच होतं. कव्हर बदललं, वरून गोल कापलेलं, थडग्याच्या दगडाच्या आकाराचं. आणि तारीख 1969 ची, म्हणजे 'टॉमी' मे महिन्यात येऊन अमेरिका पादाक्रांत करून झाल्यावर. साहजिकच तिथल्या समीक्षकांना वाटलं की हे कुणीतरी 'टॉमी'ची नक्कल मारलीय. लेस्टर बँग्जसारख्या माणसाने झोडपलं. इंग्लंडमध्ये 'टॉमी'च्या पाच महिने आधी आलेली रेकॉर्ड, आणि तिला नक्कल म्हणतायत.

इथूनच ते 'पहिला कोण'चं भांडण सुरू होतं आणि बँडच्या बाजूच्या लोकांचा राग मी समजू शकतो. पण मग नीटच मोजायचं तर द हूने 1966 मध्येच एक नऊ मिनिटांचं गोष्टीचं गाणं केलं होतं. 1967 मध्ये निर्वाणा नावाच्या लंडनच्या दोघांनी (हो, सिॲटलवाल्यांच्या कितीतरी आधी ह्या नावाचा एक बँड होता) अख्खी कथा अल्बमवर सांगितली होती. ट्विंकच्या जुन्या बँडचा गायक कीथ वेस्ट त्याच वर्षी 'टीनएज ऑपेरा'चा एक तुकडा गाऊन 2 नंबरला जाऊन आला होता. 1968 च्या मे मध्ये स्मॉल फेसेसने एक पूर्ण बाजू गोष्टीला दिली. सगळे एकाच शहरात राहणारे, एकाच क्लबांत भेटणारे, कल्पना हवेत होती. द हूच्या पीट टाउनशेंडने सॉरो ऐकून मग टॉमी लिहिला का ह्यावर पानंच्या पानं खर्च झालीत. आणि समजा ऐकला असेल, तरी काय? दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका. 'टॉमी'ला पडदा वर जाणं, दिवे लागणं, टाळ्या पडणं सगळं माहीत आहे. सॉरोच्या शेवटी टाळी वाजवायला हात वर होत नाहीत. मला तर वाटतं त्याचं न विकलं जाणं पहिल्या नोटेपासून ठरलेलं होतं, आणि म्हणूनच तो आज शिळा वाटत नाही.

नंतरची कहाणी भराभर सांगतो. डिक टेलर 1969 मध्ये वैतागून बाहेर पडला. त्याच्याशिवाय केलेला 'पॅराशूट' 1970 मध्ये आला, नॉर्मन स्मिथच प्रोड्युसर, आणि माझ्या मते गाणी म्हणून तो सॉरोपेक्षा जास्त सफाईदार आहे, चार्टवर 43 पर्यंत गेला आणि परत आला. (नॉर्मन स्वतः मात्र वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर हरिकेन स्मिथ नाव घेऊन गायला लागला आणि 1971 मध्ये 2 नंबरला पोचला. ज्यांची गाणी रेकॉर्ड केली ते राहिले बाजूला.) 1973 मध्ये डेव्हिड बोवीने आपल्या आवडत्या जुन्या गाण्यांचा अल्बम केला त्यात ह्यांची दोन गाणी घेतली, तो ह्यांचा लहानपणापासूनचा भक्त. 1974 मध्ये लेड झेपेलिनने स्वतःचं स्वान साँग लेबल काढलं आणि प्रीटी थिंग्जना बोलावलं, 'सिल्क टॉर्पेडो'च्या पार्टीसाठी चिझलहर्स्टच्या गुहा भाड्याने घेतल्या, सिडकपपासून हाकेच्या अंतरावर. अमेरिकेच्या चार्टवर पहिल्यांदा नाव लागलं, शंभराच्या थोडं खाली. 1976 मध्ये फिल मे निघून गेला आणि बँड फुटला.

मला ह्यापेक्षा जास्त रस आहे तो त्यानंतरच्या कागदपत्रांच्या भागात, जो कुठल्याच रॉकच्या दंतकथेत नसतो. फिल आणि डिक परत एकत्र आले, मार्क सेंट जॉन नावाचा मॅनेजर भेटला, आणि ह्या लोकांनी 1990 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांवर दावे लावून थकलेले पैसे आणि जुन्या टेप्सचे हक्क परत मिळवले. साठच्या दशकातले किती बँड आपल्याच गाण्यांचे मालक आहेत? मोजके. तरुणपणी सही केलेल्या कराराची पानं पन्नाशीत परत वाचायची, वकिलाकडे चकरा मारायच्या, ह्याला पण चिकाटी लागते आणि ती ड्रम फोडण्यापेक्षा वेगळी लागते. हक्क हातात आले म्हणून सॉरो नीट स्वच्छ करून पुन्हा बाजारात आला, नाहीतर माझ्यासारख्याला तो कुठून मिळणार होता.

आणि 6 सप्टेंबर 1998 ला, तीस वर्षांनी, ते ॲबी रोडला परत गेले आणि अख्खा सॉरो पहिल्यांदा प्रत्यक्ष वाजवला. इंटरनेटवरून लाइव्ह, 1998 च्या इंटरनेटवरून. निवेदनाला गायक आर्थर ब्राउन, गिटारवर पाहुणा म्हणून पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमर. कव्हरवरचं गद्य अखेर कुणीतरी मोठ्याने वाचलं आणि गोष्ट जोडली गेली. रेकॉर्डिंग निघालंय, 'रिझरेक्शन' नावाने. आवाज जाडे झालेत, वेग थोडा उतरलाय, पण 'लोनलिएस्ट पर्सन' चोविशीच्या पोराने गाणं आणि चोपन्नाव्या वर्षाकडे निघालेल्या माणसाने गाणं ह्यात फरक पडतोच. पहिल्या वेळी ती कल्पना होती.

फिल मेची फुप्फुसं पुढे खराब झाली, 13 डिसेंबर 2018 ला लंडनला निरोपाचा कार्यक्रम झाला, गिलमर परत आला, गायक व्हॅन मॉरिसनही आला. मे 2020 मध्ये सायकलवरून पडल्याचं निमित्त होऊन, ऑपरेशननंतर तो गेला, 75 व्या वर्षी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचा आणि डिकचा शेवटचा अल्बम आला, एकही इलेक्ट्रिक वाद्य नसलेला.

कुणाला ऐकायचंच असेल तर सुरुवात सॉरोने करू नका असं मी सांगेन. आधी 'रोझलिन', दोन-सव्वादोन मिनिटांचं आहे, मग लगेच 'डिफेक्टिंग ग्रे'. दोन्हींत फक्त तीन वर्षांचं अंतर आहे आणि गाणारा तोच आहे हे डोक्यात बसू द्या. मग सॉरो, शक्यतो मोनो मिक्स मिळालं तर ते, स्टिरिओत ड्रम फार पातळ वाटतात मला. रात्री झोपताना वगैरे लावू नका, अर्ध्यातच झोप उडेल. आणि शफल बंद.